संपत फौजीच्या आजाराचा निकाल

उंबरतोंडी गावात संपत खवणेशी कुणी सरळ बोलत नव्हतं आणि तोही कुणाशी सरळ बोलत नव्हता. वाटूर फाट्यावर जीपमधून उतरल्या उतरल्या त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आधी जीपवाला, मग टपरीवाला, मग वाटेत ज्याचा बैल आडवा येईल तो. आजारी माणसाची गावाला कीव येते, पण संपतनं गावाला तेवढीही सवड दिली नाही. लोक त्याला समोर फौजी म्हणायचे आणि पाठ वळली की मिरगीवाला.

मुळात तो असा नव्हता. १९८१ साली फौजेत भरती झाला तेव्हा आईबापाच्या शब्दाबाहेर न जाणारं लाजाळू पोरगं होतं. बाप भुजंगराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. वाटणी असो, नवराबायकोची फारकत असो, लोक त्याच्या ओसरीवर यायचे आणि त्याचा शब्द खाली पडत नसे. त्यानंच पोराला जालन्याला भरतीच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. पुढच्या वर्षी संपतचं लग्न झालं. बायको बेबीनंदा जाफराबादकडची. मग मुलगी झाली, शिवकन्या. संपत सुट्टीवर आला की भुजंगराव त्याला शेजारी घेऊन गावभर हिंडायचा. भुजंगराव वारला तेव्हा संपत दूर सरहद्दीवर होता, बापाचं तोंड त्याला दिसलं नाही. पुढच्या सुट्टीत त्यानं बापाचा फोटो मोठा करून आणला, ओसरीत लावला आणि रोज त्याच्यापुढे हात जोडल्याशिवाय चहाला तोंड लावीनासा झाला.

१९८८ मध्ये त्याची पलटण श्रीलंकेत होती. रस्त्याखाली पेरलेला सुरुंग फुटला आणि पुढची गाडी उडाली. मागच्या गाडीतून संपत बाहेर फेकला गेला, डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. कानातून रक्त आलं. पण त्या दिवशी हातपाय तुटलेली माणसं इतकी होती की कानातून रक्त आलेल्याकडे कोण बघणार? थोडा आराम दिला आणि परत कामावर पाठवला. त्याला स्वतःलाही विशेष काही वाटलं नाही. कान तेवढा वाजत राहायचा.

पहिली फीट आली ती वर्ष उलटून गेल्यावर, पंजाबातल्या छावणीत, भर परेडमध्ये. रायफलीसकट आडवा झाला. मग दुसरी, तिसरी. लष्करी दवाखान्यात काही महिने काढले आणि शेवटी मेडिकल बोर्डानं त्याला फौजेतून काढलं. फौजेतून काढताना बोर्डाला एक गोष्ट ठरवावी लागते: आजार नोकरीमुळे झाला का, निदान नोकरीमुळे वाढला तरी का. बोर्डानं दोन्हीला नाही म्हटलं. सुरुंगाच्या वेळची जखम कुठं नोंदलेली नव्हती, फीट आली ती शांततेच्या ठिकाणी. आजार अंगचाच आहे, असा शेरा पडला. अपंगत्वाची पेन्शन नाही.

१९९० मध्ये संपत ट्रंक घेऊन घरी आला. वय तिशीच्या आतलं. विहिरीवर जायचं नाही, बैलगाडी हाकायची नाही, चुलीजवळ एकटं बसायचं नाही. शेतकऱ्याच्या पोरानं मग करायचं काय? बेबीनंदा शेत बघायची आणि तो ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरायचा. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, आणि गोळ्या सोडल्या की फीट यायची. एकदा हनुमानाच्या पारापुढे पडला, सगळ्या गावासमोर धोतर भिजलं. शुद्धीवर आल्यावर समोर जी माणसं उभी होती, त्यातल्या एकाशीही तो नंतर नीट बोलला नाही.

त्यातल्या त्यात पक्कं वैर होतं ते सर्जेराव पाटलाशी. हा गावचा पोलीस पाटील, लांबच्या भावकीतला, आणि शेताला शेत लागून. त्याच्या शेतात जायची वाट संपतच्या शेतातून होती. भुजंगरावाच्या काळात तिथून गाड्या जात होत्या. संपतनं ती काटे टाकून बंद केली.

"वाट वडिलांच्या वक्तापासून हाय, फौजी," सर्जेराव म्हणाला.

"वडील गेले. आता मी हाय. जायचं आसंल तर उडून जा."

"कवा तरी माह्या हाताखाली येशील," सर्जेराव म्हणाला आणि गाडी वळवून लांबच्या वाटेनं गेला.

तो दिवस यायला फार वेळ लागला नाही. संपतनं बोर्डाच्या निर्णयावर अपील केलं होतं. अर्ज लिहून देणारे होते काकासाहेब, जालन्यात राहणारे निवृत्त सुभेदार. आजी-माजी सैनिकांचे कागद करण्यात त्यांचं म्हातारपण चाललं होतं. अपिलात वरच्या ऑफिसनं विचारलं की या माणसाच्या घराण्यात असा आजार कुणाला होता का. तो प्रश्न तहसिलीत आला, तहसिलीतून गावात आला आणि उत्तर द्यायचं काम सर्जेरावाकडे आलं.

सर्जेरावानं खोटं काही लिहिलं नाही. संपतचा सख्खा चुलता पुंजाराम याला मिरगी यायची, आणि मिरगीतच तो विहिरीत पडून मेला, हे गावातल्या पन्नाशीच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. त्यानं तेच लिहिलं आणि चार म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले. अपील फेटाळलं गेलं. आजार वंशातला आहे, असं आता ठळक लिहून आलं.

संपत सरळ पारावर गेला आणि सर्जेरावाची गचांडी धरली.

"माह्या पोटावर पाय दिला तू!"

"म्या काय लबाड लिव्हलं ते सांग," सर्जेराव हात न उचलता म्हणाला. "पुंजाआबा पडत व्हता का न्हाई? तू तर बारा-तेरा वर्साचा व्हता, तू सोता पाह्यलंय. हाय का न्हाई?"

संपतनं खरंच पाहिलं होतं. काका अंगणात पडायचा, तोंडाला फेस यायचा, आणि काकू गोजरबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. लोकांनी दोघांना सोडवलं. सर्जेरावानं सदऱ्याची बटणं लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वरच्या सायबाला जे पटलं ते ह्याला पटंना. रगतातच हाय तर फौजेनं काहून पोसावं?"

काकासाहेबांनी पुढं बरीच वर्षं जोर लावला. त्यांचं म्हणणं सोपं होतं.

"संपत, कायद्यात दोन दरवाजे हायेत. एक, रोग नोकरीनं झाला. दुसरा, रोग आधी थोडाबहुत व्हता पण नोकरीनं वाढला. पहिला दरवाजा तुझ्यासाठी बंद झालाय. दुसऱ्यातून जाऊ. चुलत्याला व्हता हे मान्य करून टाक. घराण्यात बी होतं, सुरुंगानं ते उगवलं, असं लिहू. पेन्शन तीच भेटते."

"दरवाजा कोणता का आसंना, आत जायला भेटलं म्हंजे झालं," संपत म्हणाला. तेव्हा त्याला ते पटलं होतं. त्याप्रमाणे दुसरं अपील गेलं. फाईल कुठं तरी जाऊन बसली आणि वर्षं जात राहिली.

२००२ च्या उन्हाळ्यात शिवकन्येची सोयरीक जुळली. मुलगा वाटूरला खताच्या दुकानात होता. साखरपुडा झाला, साड्या घेऊन झाल्या. मग एक दिवस मुलाचा मामा आला, पाणी प्यायला नाही, खाली बसला नाही. ओसरीत उभ्या उभ्याच म्हणाला, "आमच्या कानावर आलं की तुमच्या घराण्यात मिरगी हाय. आधी चुलता, मंग तुम्ही. आता लेकीचं काय सांगता येतंय? तुम्ही सोता सरकारला लिहून देल्तं म्हणे."

संपत उठून त्याच्या अंगावर गेला. पाहुणा चपला हातात घेऊन पळाला. पण बोललेलं खरंच होतं. चुलत्याला होता हे संपतच्याच सहीनं वर गेलं होतं. तहसिलीत सगळ्यांचे पाहुणे असतात, तिथून वाटूरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

त्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. शिवकन्या रडली नाही. बापाशी बोलायची बंद झाली, इतकंच. संपतनं काकासाहेबांना जाऊन सांगितलं की दुसरा दरवाजा नको. काकासाहेब वैतागले. "मंग पुरावा आण," ते म्हणाले. "तुझ्या चुलत्याला मिरगी नव्हती असा पुरावा. कुठून आणतो?"

पुराव्याच्या मागे लागली ती बेबीनंदा. तिला माहीत होतं की पुंजारामाची बायको अजून आहे. नवरा विहिरीत पडून मेला तेव्हा गोजरबाईला मूलबाळ नव्हतं. भुजंगराव आणि तुळजाबाईनं, म्हणजे संपतच्या आईबापानं, तिला माहेरी मंठ्याला पोचती केली आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. पांढऱ्या पायाची म्हणून तिचं नावही घरात घ्यायचं नाही, असा तुळजाबाईचा दंडक होता.

मंठ्याच्या आठवडी बाजारात गोजरबाई सुक्या मिरच्या विकत होती. काटक, काळीसावळी, सत्तरीच्या आसपासची म्हातारी. बेबीनंदा पुढ्यात बसली आणि कुणाची कोण ते तिनं सांगितलं. गोजरबाईनं तिच्याकडे पाहिलंच नाही, समोरच्या गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून दिल्या.

"खवण्याच्या घरचं आजवर कुणी आलं न्हाई. आज काय आडलं?"

बेबीनंदानं सोयरीक मोडल्याचं सांगितलं. "काकू, तुमच्या मालकाला मिरगी लहानपणापून व्हती का नंतर लागली, तेवढं सांगा."

"मिरगी?" गोजरबाईनं तराजू खाली आदळला. "कशाची मिरगी? माहा मालक बैलासारखा माणूस व्हता. वाटा मागितला म्हणून तुह्या सासऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं टाळक्यात हाणलं. चार दिस डोळा उघडला न्हाई. उठला तो पडायलाच लागला. दवाखान्यात नेऊ देलं न्हाई, पोलीस इचारतील म्हणून. बैलानं ढुशी देली म्हणा म्हणे. मंग बैल बी इसरले, मिरगी म्हणायला लागले. अन् आता ती मिरगी तुमच्याच पोरीच्या गळ्यात आली का? बरं झालं. लई बरं झालं."

बेबीनंदा तिथंच बसून राहिली. बाजार उठल्यावर तिनं मिरच्यांची पोती आवरायला हात लावला आणि शेवटी म्हणाली, "काकू, हे सायबापुढं सांगता का?"

"तुमच्यासाठी मी थुकणार बी न्हाई," गोजरबाई म्हणाली.

घरी येऊन बेबीनंदानं संपतला सगळं सांगितलं. तो ओसरीत बापाच्या फोटोखालीच बसला होता. ऐकता ऐकता त्याचं तोंड लाल झालं. "माहा बाप भावावर हात टाकील? लोकाचे भांडणं मिटवणारा माणूस? ती म्हातारी खार खाऊन हाय आपल्यावर. अन् तू तिचं ऐकून आली? निघ माह्या समोरून."

"मी निघते. तुम्ही आत्याबाईला इचारा."

तुळजाबाई दाराआड उभी होती. तिला विचारायची वेळच आली नाही. ती बाहेर आली आणि सुनेवरच तुटून पडली. मेल्या माणसाची इज्जत चव्हाट्यावर मांडते, त्या रांडेला घरात आणायचा डाव आहे, वाटा द्यायचा डाव आहे. संपत आईकडे बघत होता. ती इतकं बोलली, पण "न्हाई मारलं" हे दोन शब्द तिच्या तोंडून आले नाहीत.

"माय," तो म्हणाला, "मारलं का न्हाई?"

"बापाच्या जीवावर उभा राह्यला अन् बापाचाच फैसला करतो का?"

"मारलं का न्हाई, तेवढं सांग."

तुळजाबाईनं फोटोकडे पाहिलं आणि आत निघून गेली. तेव्हा शिवकन्या उठली. आजीच्या मागोमाग गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पुष्कळ दिवसांत घरानं तिचा आवाज ऐकला नव्हता.

"आजी, माह्या रगतात खोट हाय का आजोबाच्या हातात व्हती? दोन्हीतलं एकच खरं आसंल. मला जिंदगी काढायचीय, तुम्ही सांगा."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

संपतनं बरेच दिवस घालवले. बापाच्या फोटोपुढे तो हात जोडायला जायचा आणि नुसताच उभा राहायचा. मग एके सकाळी उठून मंठ्याला गेला. गोजरबाईच्या भाच्याच्या घरापुढं उभा राहिला. आत कुणी बोलावलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच तो म्हणाला, "काकू, तू म्हणती तसं मी सायबाला लिहून देतो, माह्या सहीनं. माह्या बापानं मारलं म्हणून. तू ये न ये, मर्जी तुही."

गोजरबाई दारात आली. पोरवयात अंगणात बसून काकाकडे बघणारा संपत तिला आठवत असेल नसेल. ती म्हणाली, "सही नको. गावात ये म्हणून सांग. साऱ्यासमोर बोलीन. तुळजा समोर पाह्यजे."

नव्या अर्जावर पुन्हा चौकशी लागली. या वेळी काकासाहेबांनी हट्ट धरला की ती पोलीस पाटलाकडे नको. म्हणून नायब तहसीलदार स्वतः आले. ग्रामपंचायतीसमोर टेबल मांडलं. गाव झाडून जमलं होतं. सर्जेराव बाजूला उभा होता, हाताची घडी घालून. मंठ्याच्या एसटीनं गोजरबाई आली. तुळजाबाई आली नव्हती, तरी कुणाकडे न बघता ती टेबलापुढे बसली आणि मंठ्याच्या बाजारात जे बोलली होती ते पहिल्यापासून बोलली. मध्ये कुठं थांबली नाही, डोळ्याला पदर लावला नाही.

"साक्षीला कोण?" साहेबांनी विचारलं. "घटना फार जुनी आहे. मारताना दुसऱ्या कुणी पाहिलं?"

"पाह्यलं एकीनं. ती यायची न्हाई."

गर्दीत कुजबूज झाली. सर्जेराव मोठ्यानं म्हणाला, "सायेब, वैरानं कुणी बी काही सांगतं. भुजंगदादाला सारं गाव वळखतं." खरं तर भुजंगरावाचा मान राखायची सर्जेरावाला काही गरज नव्हती, पण संपतचं काम होऊ द्यायचं नव्हतं.

आणि तेव्हाच तुळजाबाई आली. संपतनं काकूची अट सांगितली तेव्हा तिनं येणार नाही म्हटलं होतं. गल्लीतून सरळ चालत टेबलापर्यंत आली. आधी तिनं सर्जेरावाकडे पाहिलं.

"माह्या मालकाचं नाव तुह्या तोंडातून नको, पाटला. लेकाच्या पोटावर तू पाय देला, आता मालकाची बाजू घेतो?" मग साहेबांकडे वळली. "मारलं. माह्या डोळ्यापुढं मारलं. बसून खाणारा भाऊ वाटा मागत व्हता म्हणून मारलं. माह्या मालकानं ते शेत उभं केल्तं. ते चुकले आसं मी आज बी म्हणणार न्हाई. पण मिरगी आमच्या घरात कुणाला नव्हती. लिव्हा."

"बसून खाणारा?" गोजरबाई उठली. "माहा मालक मोट हाकायचा, तुहा मालक पारावर न्याय करायचा!"

दोन म्हाताऱ्या एकमेकींवर धावून गेल्या. बायांनी त्यांना धरून ठेवलं. साहेबांनी दोघींचे अंगठे वेगवेगळ्या कागदांवर घेतले आणि घाईनं जीपमध्ये बसले. संपत ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून उभा होता. सगळं त्याच्या मनासारखं झालं होतं, आणि त्याच्या बापाबद्दल गाव आता काय बोलेल ते त्याला समोरच्या तोंडांवर दिसत होतं. बेबीनंदानं हाताला धरून त्याला घरी नेलं.

गोजरबाई एसटीची वाट बघत फाट्यावर बसली. बेबीनंदा भाकरी घेऊन गेली, तर तिनं ती घेतली नाही. "तुमच्यासाठी न्हाई आले," ती म्हणाली. "माह्या माणसाला मिरगीवाला म्हणून जाळलं व्हतं. ते पुसायला आले."

पुढच्या वर्षी पुण्याला पुन्हा मेडिकल बोर्ड बसलं. तीन डॉक्टर होते. त्यातल्या एक बाई मराठी होत्या, आणि त्यांनीच संपतला सगळ्यात जास्त घुसळला. दारू पीत होतास का? लहानपणी कधी ताप डोक्यात गेला होता? भरतीच्या वेळी काही लपवलंस? गावातल्या लोकांनी आधी वेगळं का सांगितलं? संपतचा पारा चढत गेला.

"मॅडम, मी चोर हाय का?"

"चोर नाही. पण फीट एक वर्षानं आली. मधल्या काळात दुसरं काही झालं नाही, हे मी कशावरून धरू?"

"कशावरून म्हंजे? कान पहिल्या दिवसापून वाजून राह्यला. आता बी वाजून राह्यला. तुम्ही बोलता ते मला एकाच कानानं ऐकू येतं. हे बी माह्या आज्याकडून आलं का?"

बाईंनी पेन खाली ठेवला. कानाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि संपतनंही कधी सांगितलं नव्हतं. त्याला तो रोग वाटतच नव्हता. त्यांनी कानाची तपासणी करवली, डोक्याचे नवे फोटो काढवले. ज्या बाजूनं डोकं दगडावर आपटलं होतं त्याच बाजूचा कान मेलेला होता, आणि त्याच बाजूला मेंदूवर जुन्या माराचा वण निघाला. डोक्याला मार लागल्यावर वर्षा-दोन वर्षांनीही फीट सुरू होऊ शकते, असं बाईंनी बोर्डात मांडलं. घराण्यातल्या आजाराचं कारण तर आता उरलंच नव्हतं. बाहेर पडताना संपत म्हणाला, "येवढं आधीच इचारलं आस्तं तर माहा बाप तरी वाचला आस्ता." बाईंना ते कळलं नाही आणि त्यानं समजावूनही सांगितलं नाही.

निकाल २००४ च्या सुरुवातीला आला. आजार लष्करी सेवेमुळे झालेला आहे, पेन्शन मंजूर. काकासाहेबांनी तो मराठीत वाचून दाखवला. संपतनं त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावला.

वाटूरची मंडळी परत आली, या वेळी खाली बसायला तयार होती. संपत काही बोलायच्या आत शिवकन्येनं बाहेर येऊन सांगितलं, "तुमचं काही चुकलं न्हाई. पण मला तुमच्यात यायचं न्हाई." दोन वर्षांनी तिचं लग्न जालन्यातल्या एका कंपाउंडरशी झालं. लग्नाआधी तिनं स्वतः त्याला बापाचा आजार सांगितला, कशानं झाला तेही सांगितलं.

तुळजाबाई जबानीनंतर घरात राहिली, पण लेकाच्या हातचं पाणी पुन्हा प्यायली नाही. स्वतःची चूल वेगळी मांडली. ओसरीतला फोटो तिनं आपल्या खोलीत नेला. २००५ मध्ये गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत फक्त बेबीनंदाला जवळ येऊ देत होती.

संपतनं गोजरबाईला तिच्या नवऱ्याचा वाटा दिला. कुणी सांगितलं नव्हतं, कोर्टातही कुणी गेलं नव्हतं. त्यानं मंठ्याला जाऊन विचारलं आणि तिनं लगेच हो म्हटलं. नावावर झाल्यावर महिन्याभरात तिनं ते शेत सर्जेरावाला विकून टाकलं. संपत चिडून तिच्याकडे गेला.

"काकू, दुसरं कुणी भेटलं न्हाई?"

"त्यानं बराबर भाव देला. शेत माहं व्हतं. तुहं वैर तू सांभाळ."

सर्जेराव आता आपल्याच जमिनीतून गाडी नेतो. संपतच्या बांधाला लागून जाताना मुद्दाम खाकरतो. पारावर भांडण झालं की तो आता मिरगीवाला म्हणत नाही, भाऊ मारणाऱ्याचा पोरगा म्हणतो. संपत त्यावर दगड उचलतो, लोक धरतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

फीट पहिल्यापेक्षा कमी येते, पण येते. परवा मंठ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानापुढं आली. गर्दी झाली, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा आणला, आणि एक म्हातारा मान हलवत सगळ्यांना सांगत होता की असले रोग घराण्यातून येतात. संपतनं डोळे उघडले, ओठावरचा फेस पुसला आणि बसल्या बसल्याच त्याच्यावर ओरडला, "घराण्यातून न्हाई आला! फौजेतला हाय! सरकारनं लिहून देलंय! चप्पल बाजूला घे!"

लोक मागं सरकले. बेबीनंदानं त्याचा हात धरून त्याला उभा केला, आणि दोघं एसटी स्टँडाकडे निघाले. तो सगळी वाट त्या म्हाताऱ्याला शिव्या देत होता.